शुशा

काल स्कूटर ऐन वेळी रुसली, म्हणून खूप दिवसांनी चांदणी चौकातून टमटम पकडली. माहेरी जायचं होतं, घोटवडे फाट्याला. चांदणी चौकातले रस्ते आता कुठून निघून कुठे उतरतात ते मला अजून कळत नाही, पण टमटमवाल्यांना कळतं. त्यांनी त्या पुलांच्या गुंत्यातही आपला कोपरा शोधून काढला आहे. मी दोन शाळकरी मुलींच्या शेजारी अंग चोरून बसले. डिझेलचा वास, कुणाच्या तरी पिशवीतली मेथी, खिडकीतून येणारी धूळ. बावधन गेलं, भूगाव गेलं. भुकूम आलं तशी त्यातली एक मुलगी दप्तर सावरत ओरडली, "शुशा, मामा!"

ड्रायव्हरने मागे वळूनही पाहिलं नाही. गाडी कडेला घेतली, मुलगी उतरली, गाडी निघाली. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मी मात्र खिडकीबाहेर तोंड करून बसले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि शेजारी अनोळखी माणसं होती.

हा शब्द कुठल्याही मराठी शब्दकोशात नाही. तो या रस्त्यावर आला त्या दिवशी मी तिथे होते. अब्बांच्या जीपमध्ये, पुढच्या शीटवर.

अब्बांची वडापची जीप होती, बिनपरवाना शीटा वाहणारी. फाट्यावरून माणसं भरायची, पिरंगुटचा घाट ओलांडायचा आणि चांदणी चौकात रिकामी करायची. वडापच्या भाषेत माणसाला शीट म्हणतात. "दोन शीट भूगाव, एक शीट बावधन," असा हिशेब. मी गाडीवाल्याची पोर, म्हणजे शीट नव्हे. शीट आली की मी उठायचं, दांड्याला धरायचं, नाहीतर गिअरच्या बाजूला पाय वाकडे करून बसायचं. कॉलेजला मी अशीच गेले. घरचं माणूस आणि शीट यातला फरक मला फार लवकर कळला होता. शीटला बसायला मिळतं.

आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली होती. ती भाड्याने द्यायची ठरली तेव्हा एका एजंटाने फोन करून सांगितलं, "मुलगी आहे, एकटी, कॉलेजला जाते. नाव आशा." अब्बांनी फोनवर हो म्हटलं. अम्मीने खोली झाडली, खिडकीला पडदा लावला आणि आशा नावाची कोण कुठली मुलगी येते, साताऱ्याची की बारामतीची, यावर आम्ही दोन दिवस बोलत होतो.

रिक्षातून उतरली ती उंच, काळीसावळी, डोक्याला रंगीत कापड बांधलेली मुलगी. तिने आधी सलाम केला. अब्बा गडबडले, मग त्यांनीही केला. "कुटली गं तू?" त्यांनी विचारलं. तिला प्रश्न कळला असावा. "टांगा," ती म्हणाली.

"टांगा? टांगा कवाच बंद झाला हितला," अब्बा म्हणाले.

टांगा हे तिच्या गावाचं नाव. टांझानियात, समुद्राकाठी. आणि आशा म्हणजे आयेशा. एजंटाने खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

तिचं कॉलेज बावधनच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. औषधशास्त्र शिकायला आली होती. मग राहायला इतक्या लांब का आली, हे तिने आम्हाला कधी सांगितलं नाही, पण आम्हाला कळलं. बावधनमध्ये खोली बघायला जाताना फोनवर सगळे हो म्हणायचे आणि दार उघडल्यावर नाही म्हणायचे. मग भूगाव, मग भुकूम. एकेक गाव मागे टाकत ती फाट्यापर्यंत आली होती. आज त्याच बावधनमध्ये मी राहते. माझ्या इमारतीच्या फाटकातून आत जाताना कधी कधी मला उगाच लाज वाटते.

तिच्या पुढे एकच प्रश्न होता आणि तो तिने पहिल्याच आठवड्यात मला इंग्रजीत सरळ समजावून सांगितला. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत. परीक्षा नाही तर इथे राहायचा कागद वाढत नाही. कागद नाही तर विमान. हाताने तिने विमान उडवून दाखवलं आणि हसली, पण ते हसू बरं नव्हतं. टांग्याला तिच्या आईचं छोटंसं दुकान होतं. ती त्याला 'दुका' म्हणायची. त्या दुकानाशेजारी मुलीचं औषधांचं दुकान निघणार, असं आईने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. म्हणजे सगळं येऊन थांबत होतं ते एवढ्यावर, की रोज सकाळी फाट्यावरून बावधनला वेळेत पोचायचं कसं.

तिने सगळं करून पाहिलं. बसच्या पाटीवरचे आकडे मराठीत. ती स्टॉपवर उभी राहून हवेत बोटाने आकडे गिरवायची, तोवर बस निघून जायची. आकडे शिकली तेव्हा कळलं की भरलेली बस फाट्यावर थांबतच नाही. मोबाइलवरची टॅक्सी बोलवायची, तर ड्रायव्हर फोनवर तिचा आवाज ऐकून विचारायचा, कहाँ जाना है, आणि मग टॅक्सीचं चित्र नकाशावरून पुसलं जायचं. रिक्षावाला म्हणायचा, तिकडून रिकामं यावं लागतं. कॉलेजची बस होती, पण ती शहराच्या बाजूने यायची. एका वर्गमित्राच्या स्कूटरवर मागे बसून पाहिलं, तर घाटातल्या खडीवर दोघंही पडली आणि अम्मीने तिच्या कोपराला हळद लावली. हिंजवडीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या पांढऱ्या गाड्या समोरून जायच्या, आत एखादा माणूस झोपलेला, बाकी शीटा रिकाम्या, काचा वर. एवढ्या मोठ्या देशात एवढ्या गाड्या आणि या एका पोरीला बसायला जागा नाही, याचा मला तेव्हा फार राग यायचा. अजून येतो.

शेवटी अब्बाच म्हणाले, "आपल्या गाडीत का बसंना ती?"

ती जीपजवळ आली, आत डोकावली. एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी माणसं, छतावर टोपल्या, मागच्या दाराला लटकलेले दोघं. आम्हाला वाटलं, घाबरेल. तिचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. "दलादला!" ती ओरडली. तिच्याकडे असंच असतं म्हणे. अशीच गाडी, अशीच कोंबाकोंबी, त्याला दलादला म्हणतात. ती आत शिरली आणि कुणी न सांगता सरकून बसली.

तिच्या शेजारी ठकूमावशी बसायची. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर टोपली. रोज बावधनच्या सोसायट्यांच्या फाटकापाशी भाजी विकायची आणि चैत्र-वैशाखात करवंदं. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघी सारख्या बोलायच्या.

सुरुवातीचाच एक दिवस. गाडी भरलेली, मी पुढे. आशाच्या कॉलेजचा फाटा जवळ आला आणि मागून आवाज आला, "शुशा!"

अब्बांना वाटलं कुणी शिंकलं. आवाज पुन्हा आला, मोठ्याने, "शुशा! शुशा!"

"आरं थांबीव की गाडी, रशीद!" ठकूमावशी कडाडली. "पोरीला शू लागलीया!"

अब्बांनी कचकन ब्रेक मारला. मावशीने टोपली माझ्याकडे दिली, आशाचा हात धरला आणि तिला ओढत रस्त्याकडेच्या एका घरात नेलं. आम्हाला बाहेर मावशीचा आवाज ऐकू येत होता, "वैनी, मोरी दावा जरा, पोर लांबची हाय." गाडीतल्या पुरुषांनी सभ्यपणे दुसरीकडे माना वळवल्या. थोड्या वेळाने आशा बाहेर आली, हातपाय धुतलेले, हातात त्या वहिनीने दिलेला गुळाचा खडा. मावशीने तिला पुन्हा गाडीत कोंबलं आणि अब्बांनी वेळ भरून काढायला गाडी जी हाणली ती थेट चांदणी चौकात. या गोंधळात तिला उतरवायचं सगळेच विसरलो, कॉलेज मागे राहिलं. तास बुडाला.

संध्याकाळी ती गच्चीवरून खाली आली आणि तिने फार गंभीर होऊन मला विचारलं, "दादा, कॉलेजच्या आधी कुणाच्या तरी घरी जाऊन हात धुवायची इथे पद्धत आहे का?"

शुशा म्हणजे तिच्या भाषेत, मला उतरवा. दलादलात असंच ओरडतात. हे कळलं तेव्हा अम्मी हसून हसून जमिनीवर बसली.

मला ती दादा म्हणायची, हेही सांगायला हवं. तिच्या भाषेत दादा म्हणजे मोठी बहीण. आणि मामा म्हणजे आई. "मामा, चाय?" असं ती अम्मीला विचारायची आणि शेजारपाजारचे थक्क व्हायचे. सगळी नाती तिच्या तोंडात उलटीपालटी होऊन यायची. एकच शब्द दोन्हीकडे सारखा निघाला. अब्बांना ती बाबा म्हणायची.

त्यानंतर जीपमध्ये रोज थट्टा. भूगावला उतरणारे शिक्षक असोत की कंपनीत जाणारे कामगार, आपली जागा आली की हसत म्हणायचे, "मामू, शुशा." आशाही हसायची. हळूहळू हसणं संपलं आणि शब्द राहिला. त्याचं कारण साधं होतं. इंजिनाच्या घरघरीत 'थांबवा' बुडून जायचं आणि 'शुशा' मात्र पुढच्या काचेपर्यंत पोचायचं. दुसऱ्या गाड्यांतही तो गेला. कसा गेला ते मला माहीत नाही.

त्या दिवसांचे मला आता तारीखवार तपशील आठवत नाहीत, वास आठवतात. भात कापणीच्या दिवसांत सगळ्या खाचरांतून येणारा तो ओलसर, गोडसर वास आणि आशाचं खिडकीतून बाहेर काढलेलं नाक. हिवाळ्यात घाटात धुकं असायचं. अब्बा काच पुसायला माझी ओढणी मागायचे. उन्हाळ्यात मावशी करवंदांचा द्रोण पुढे करायची आणि त्या चिकाने आशाचे ओठ चिकटून बसायचे. ती ओठ मिटूनच हसायची. रमजानात परतीच्या गाडीला उशीर झाला की भुकूमच्या चढावर अजान ऐकू यायची. अब्बा गाडी कडेला घ्यायचे. मावशी टोपलीत खास राखलेली काकडी काढायची, लुगड्याला पुसायची, मोडून आधी आशाला, मग मला, मग अब्बांना द्यायची. बाकीची माणसं गप्प बसून राहायची. कुणी उशिराची तक्रार केल्याचं मला आठवत नाही. रविवारी गच्चीवरून नारळाच्या दुधात शिजणाऱ्या भाताचा वास खाली यायचा आणि अम्मी ताट घेऊन जिना चढायची.

मग तिचं शेवटचं वर्ष आलं. हजेरी काठावर होती, पण पुरली. शेवटचा पेपर राहिला होता. आणि नेमक्या त्याच आठवड्यात रस्त्यावर वडापची धरपकड सुरू झाली. सगळ्या जीपा झाडाखाली उभ्या. आमचीही. शीट भरलेली सापडली की गाडी जप्त.

पेपरच्या सकाळी आशा लवकर खाली आली. बस आली ती न थांबता गेली. दुसरी आली, ती दाराला माणसं लटकलेली. टॅक्सीचं चित्र नकाशावर आलं आणि पुसलं गेलं. ती रस्त्याच्या कडेला उभी, हातात पेन आणि पाण्याची बाटली, आणि तिच्या डोळ्यांत तेच विमान दिसत होतं. अब्बांनी चहाचा कप अर्धा ठेवला आणि जीपची किल्ली घेतली.

"गाडी गेली तर?" अम्मी म्हणाली.

"गाडी काय, गाडी येती दुसरी," अब्बा म्हणाले.

मीही चढले. पुढे वळणावर ठकूमावशी टोपली घेऊन उभी. तिला न घेता जायचं अब्बांच्या रक्तातच नव्हतं. "बस," ते म्हणाले, "पर आज तू शीट न्हाईस."

भूगावच्या अलीकडे पोलिसाने हात केला.

"काय मामू, शीटा भरल्या का?"

"न्हाई साहेब. घरची मान्सं हायेत."

त्याने आत वाकून पाहिलं. माझ्याकडे बोट केलं. "ही?"

"माझी पोरगी."

बोट आशाकडे वळलं. "अन् ही?"

"ही बी माझी पोरगी."

पोलिसाने एकदा अब्बांकडे, एकदा आशाकडे पाहिलं. मग आशाला विचारलं, "कोण हाय गं हे तुझं?"

"बाबा," आशा म्हणाली. एका झटक्यात, न अडखळता. तिच्या भाषेत ते खोटं नव्हतं. आमच्याही नव्हतं.

"अन् ह्या?" बोट ठकूमावशीवर, तिच्या कुंकवावर.

"मावशी," अब्बा म्हणाले.

"मामू, तुमच्या घरात आजून कोण कोण हाय? उतरा खाली. कागद काढा."

अब्बा उतरले. कागद शोधू लागले. पोलीस गाडीला फेरी मारू लागला. वेळ जात होता, आणि आशाचा धीर सुटला. तिला वाटलं, उतरून पळत सुटावं. ती खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि रडवेल्या आवाजात ओरडली, "शुशा! बाबा, शुशा!"

मी तिला आत ओढू लागले. या रस्त्यावर शुशा कोण म्हणतं? शीट म्हणते. घरचं माणूस कशाला म्हणेल?

पोलीस थबकला. "काय म्हणतीया ती?"

अब्बांनी घाईने कागद त्याच्या हातात दिले. आणि मागून ठकूमावशी टोपलीसकट पुढे झुकली.

"शू लागलीया तिला, सायेब! कवाधरनं सांगतीया पोर. बाईमानसाला किती येळ तिष्ठत ठिवायचं? घरात लेकीबाळी हायेत न्हवं तुमच्या?"

पोलिसाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याने कागद न बघताच परत दिले. "जावा, जावा. लवकर जावा."

गाडी पुढे निघाली, पोलीस आरशात दिसेनासा झाला. मग मावशी खुदकन हसली. मग काय, सगळेच. आशा हसत होती आणि रडत होती आणि मावशीच्या खांद्यावर डोकं घासत होती. कॉलेजच्या फाटकाशी अब्बांनी गाडी थांबवली तेव्हा दार बंद होत होतं. ती पळाली. अब्बांनी जीप एका भिंतीच्या सावलीला लावली आणि पेपर सुटेपर्यंत तिथेच बसून राहिले. मावशीही भाजी विकायला गेली नाही. दोघं गाडीत बसून काकडी खात होती.

आशा पास झाली. टांग्याला परत जायचा दिवस आला. विमानतळावर दुसऱ्या कुठल्या गाडीने जायचं तिने साफ नाकारलं. सगळं शहर ओलांडून आमची जीप लोहगावला गेली, दुपारच्या उन्हात, छतावर तिच्या दोन बॅगा बांधलेल्या. ज्या दारातून प्रवासी आत जातात ते दार आलं. अब्बांनी गाडी हळू केली. दार मागे गेलं. अब्बांनी वळसा घालून गाडी पुन्हा आणली, पुन्हा हळू केली. आशा गप्प. आरशात अब्बा तिच्याकडे बघत होते आणि ती तिच्या पायांकडे. गाडी पुन्हा दारावरून पुढे गेली. पहाऱ्यावरचा शिपाई शिट्टी फुंकू लागला. मी विचारलं, "अब्बा, थांबवत का नाही?"

"शीट बोलंल तवा थांबवायची," ते म्हणाले.

तिसऱ्या फेरीला ती म्हणाली. इतकं हळू, की इंजिनात बुडून जावं. पण अब्बांनी ऐकलं.

आता जीप नाही, भंगारात गेली. मावशीही गेली. आशाचं औषधांचं दुकान तिच्या आईच्या दुकानाला लागूनच आहे. ईदला तिचा आवाज येतो, "दादा, मामा कशी हाय?" आमच्या मावळी मराठीत.

काल भुकूमला ती मुलगी उतरून गेल्यावर तिची मैत्रीण माझ्या शेजारी उरली होती. न राहवून मी विचारलं, "शुशा म्हणजे काय गं?"

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी शहरातली वाटले असणार. "उतरायचं असलं की म्हणत्यात."

"पण कुठल्या भाषेतला शब्द हा?"

"कुठल्या म्हंजी?" ती म्हणाली. "हितलाच हाय. आमच्या हितं पयल्यापासनं म्हणत्यात."

मला तिला सगळं सांगायचं होतं. कोण होती, कुठून आली, किती दारांवरून परत फिरली. पण फाटा आला. मी शुशा म्हटलं आणि उतरले.

जीपचं मागचं बाकडं अब्बांनी ठेवून घेतलं आहे, दारात. त्यावर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. मी शेजारी बसले आणि झालेलं सांगितलं. ती पोर म्हणते, शब्द हितलाच आहे, असं म्हणताना मला हसू येत होतं.

अब्बांना काहीच नवल वाटलं नाही. त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि माझ्यासाठी नीट जागा व्हावी म्हणून थोडे सरकून बसले.

"मग, खोटं काय बोलली ती?" ते म्हणाले. "घरचाच शब्द हाय तो."